पॅनेलला भोकं पाडण्याआधी विचारतोय: काटे की स्क्रीन?

गाळा_नं_१२ (कुपवाड)

राम राम मंडळी.

कुपवाड एमआयडीसीत माझा पत्राकामाचा गाळा आहे. दिवसभर इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे, डक्टिंग, जे येईल ते. संध्याकाळी साडेसहाला पोरं घरी गेली की मागच्या शेडचं शटर वर करतो. तिथं विमान आहे. हसू नका. २०१६ ला बीकेसीत मेक इन इंडियाचं प्रदर्शन भरलं होतं. तिथं कॅप्टन अमोल यादवांचं विमान पाहिलं, जे त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलं होतं. परतीच्या गाडीत सांगलीपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. गच्चीवर होतं तर गाळ्यात का नाही?

माझं दोन आसनी आहे, सीएच ७०१. क्रिस हाइंट्झ यांचं डिझाइन, नकाशे घेऊन बांधतोय. सगळा अॅल्युमिनियमचा पत्रा आणि पॉप रिवेट, म्हणजे आपल्या पोटापाण्याचंच काम. शेपूट, पंख, धड झालं. इंजिन रोटॅक्स ९१२, ८० हॉर्सपॉवरचं, वापरलेलं घेतलंय. त्याला व्हॅक्युम पंप नाही.

घोडं अडलंय डॅशबोर्डपाशी. पत्रा कापून, कडा वाकवून चार महिने झाले, अजून एक भोक पाडलेलं नाही. भिंतीला टेकून कोऱ्या पाटीसारखा उभा आहे. बायको म्हणाली, उन्हाळा आलाय, निदान त्याच्यावर पापड तरी वाळवू द्या.

मनात तीन गोष्टी आहेत. एक, जुन्या पद्धतीची सहा गोल मीटरं: वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा, चढ-उतार. शेजारी इंजिनाची वेगळी. दोन, सात इंची एकच स्क्रीन, सगळं तिच्यावर. डायनॉन, गार्मिन, एमजीएल सगळ्यांची माहिती वाचून झाली. वाचून आणखी गोंधळ झाला. तीन, थोडं हे थोडं ते.

त्यात मी एक शहाणपणा करून बसलोय. एका जुन्या सामानवाल्याकडून तीन मीटरं आधीच घेतली. अल्टीमीटर, २०० नॉटपर्यंतचं वेगाचं मीटर, आणि व्हॅक्युमवर चालणारं कृत्रिम क्षितिज. त्या क्षितिजावर माझा जीव आहे. व्हॅक्युम क्लीनर लांबून धरून थोडी हवा ओढली, तर आतला जायरो असा काही गुणगुणायला लागला की बस. क्लीनर बंद केल्यावरही कितीतरी वेळ आवाज बारीक होत होत जातो. शेडमधला लाइट बंद करून ऐकत बसलो होतो.

उडायचं ते फक्त दिवसा, स्वच्छ हवेत. ढगात जायची हौस नाही. परवानग्या मिळाल्या तर कराडच्या धावपट्टीवरून. पैसे मोजकेच आहेत, आणि रेडिओचा खर्च वेगळा. काय घेऊ, काय सोडू? पत्रा एकदा कापला की कापला.

कऱ्हाडचा_पोरगा (सध्या पुणे)

काका, आधी एक सलाम.

आता सरळ सांगतो: स्क्रीन घ्या. मी एम्बेडेडमध्ये काम करतो म्हणून नाही सांगत. स्क्रीनच्या आतल्या सेन्सरमध्ये फिरणारं काहीच नसतं, जायरोसुद्धा चिपवर. बेअरिंग झिजायची भानगड नाही. ऑइल प्रेशर मर्यादेखाली गेलं की हेडसेटमध्ये ओरडून सांगते, तुम्ही बाहेर बघत असलात तरी. आणि प्रत्येक फेरीची नोंद राहते. घरी येऊन लॅपटॉपवर बघायचं, चौथ्या मिनिटाला तेलाचं तापमान का चढलं. काट्याला विचारून सांगेल का तो?

पैसे कमी असतील तर बॅरोमीटरचा सेन्सर आणि एक छोटा बोर्ड घेऊन उंचीचं मीटर मी तुम्हाला शनिवार-रविवारमध्ये बनवून देतो. वेग काय, मोबाइलचं जीपीएसपण दाखवतं.

निवृत्त_फिटर (सातारा)

गाळेवाले, तुम्ही पत्र्यात मुरलेले दिसता, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, शेवटची बरीच वर्षं बिदरला किरण विमानांवर. आता साताऱ्यात नातवाच्या सायकलची चेन बसवतो.

काटे की स्क्रीन हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न लोडशेडिंगचा. वर असताना लाइट गेली तर काय काय चालू राहतं? तुमचं इंजिन चालू राहील. रोटॅक्स ९१२ ची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नाही, तिची सोय इंजिनातच आहे. म्हणजे पंखा फिरतोय, विमान व्यवस्थित उडतंय, आणि समोर काळी काच. तेव्हा खाली उतरायला काय लागेल? वेग, उंची आणि घसरण दाखवणारा बॉल. ही तीन यंत्रं विजेशिवाय चालणारी बसवा. मग उरलेल्या जागेत स्क्रीन लावा, माझी काही हरकत नाही. पोरगा अलार्मचं बोलला ते शंभर टक्के खरं आहे. इंजिनाचे सात-आठ काटे सतत कोणी बघत नाही, एखाद्या काट्याने मान टाकली तर दहा मिनिटांनी कळतं. आणि इंजिनाचा व्होल्टेज रेग्युलेटर वारा लागेल अशा जागी बसवा. तो गरम होऊन जातो आणि मग वर सांगितलेली काळी काच.

आता तुमचं २०० नॉटचं मीटर. ते विका. ७०१ साधारण ५० किलोमीटरला स्टॉल होतं (त्याखाली पंख विमानाला तोलून धरत नाही), तुम्ही उतरायला याल ९० च्या आसपास. ९० किलोमीटर म्हणजे जेमतेम ४९ नॉट. मीटर घेऊन बघा, तबकडीवर पहिला आकडा ४० असेल. म्हणजे ज्या वेगांत तुमचं मरण-जगणं ठरणार ते सगळे पहिल्या बोटभर जागेत कोंबलेले, आणि निम्मी तबकडी तुम्ही कधीच न गाठणाऱ्या वेगांना दिलेली. या विमानाची कमाल मर्यादाच १०० नॉटच्या आत आहे. सोनाराच्या तराजूत मोजायची वस्तू तुम्ही उसाच्या वजनकाट्यावर नेताय.

हे मीटर मोजतं काय, तर समोरून येणाऱ्या हवेचा दाब वजा स्थिर हवेचा दाब. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो, आणि कमी वेगाला तो फार म्हणजे फार थोडा असतो. किती थोडा ते घरच्या घरी बघा. फळीवर पारदर्शक नळीचा यू करा, अर्धं पाणी भरा, हवं तर शाईचा थेंब टाका. एका टोकाला टी जोडून एक फांदी मीटरच्या पिटोट (समोरच्या हवेच्या) तोंडाला, दुसरीला मोठी इंजेक्शनची सिरिंज. स्टॅटिकचं, म्हणजे स्थिर हवेचं, तोंड उघडं. सिरिंज हळूहळू दाबायची. तोंडाने फुंकायचं नाही, आतली डबी कायमची वाकते.

पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये १२ मिमी फरक म्हणजे ५० किलोमीटर. १७ मिमी म्हणजे ६०. ३१ म्हणजे ८०, ४८ म्हणजे १००, ६९ म्हणजे १२०. मीटरवर बॉइंगचा शिक्का असो नाहीतर कुणाचा, पाणी खोटं बोलत नाही. मग सिरिंज तशीच धरून ठेवा आणि काटा घसरतो का बघा. घसरला तर मीटरला शिव्या देण्याआधी सांधे तपासा. १७ मिमी पाण्याच्या दाबात गळतीला लपायला फार जागा असते.

स्टॅटिकची नळी केबिनमध्येच उघडी सोडायचा मोह होतो, सगळेच करतात. करू नका. दार किंवा खिडकीच्या फटीतून हवा ओढली जाते, आतला दाब कमी होतो, आणि वेगाचं मीटर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणजे तुम्ही बिनघोर, आणि विमान स्टॉलच्या उंबऱ्यावर. पंखाखाली पिटोट आणि स्टॅटिक दोन्ही असलेली नळी काढा, प्रॉपेलरच्या वाऱ्यापासून लांब.

आणि विमान उभं असताना त्या नळीला टोपी. लाल कापडाची, हातभर लोंबती. तुमच्या शेडमध्ये कुंभारमाश्या असतीलच. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बोइंग ७५७ पडलं, १८९ माणसं गेली. पिटोटची नळी बुजलेली होती, आणि कुंभारमाशीचं घर असावं असंच तपासात म्हटलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेरूचं ७५७, तिथं विमान धुताना स्टॅटिकच्या भोकांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. ७० माणसं. एवढ्या मोठ्या विमानांची ही गत, आपलं तर पत्र्याचं चिमणं.

कृत्रिम क्षितिजाबद्दल नंतर लिहितो, दुखेल तुम्हाला.

कऱ्हाडचा_पोरगा

फिटरकाका, लोडशेडिंग पटलं. पण स्क्रीनला बॅकअप बॅटरी येते की. आणि जीपीएसच्या वेगाचं काही बोलला नाहीत?

निवृत्त_फिटर

बॅटरी येते. तिचं वय कोण बघतं? टीव्हीच्या रिमोटचे सेल आपण चावून चालवतो.

जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतं. पंखाला जमिनीशी देणंघेणं नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत बाबा. पाठीमागून ३० चा वारा असेल तर मोबाइल ९० दाखवेल आणि पंखाला मिळतील ६०. उलट एक गोष्ट ध्यानात ठेव. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण १८०० फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४० डिग्री असताना तिथली हवा ५२०० फुटांवरच्या हवेइतकी पातळ होते. खरा वेग काट्यापेक्षा आठ टक्के जास्त असतो, जमीन भर्रकन मागे जाते, आणि नवशिका 'फार जोरात आलो' म्हणून विमान मंद करतो. काटा बरोबर असतो. तो पातळ हवेचा दाबच मोजतो, आणि पंखही त्याच दाबावर तरंगतो.

बॉयलरवाला (वाळवा तालुका)

साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे, विमानाला कधी हात लावलेला नाही. पण सेन्सर सगळीकडे सेन्सरच, म्हणून घुसतोय.

दादा, मीटर घ्यायच्या आधी इंजिनावर काय बसलंय ते बघा. रोटॅक्सची माहिती जरा वाचली. तेलाचा दाब मीटरला कळवणारा जुना सेंडर एका वायरचा, रेझिस्टन्सवर चालणारा, अर्थिंग इंजिनाच्या बॉडीतून. नवा आहे तो दोन वायरचा, ४ ते २० मिलिअँप, म्हणजे आमच्या स्टीम लाइनवरच्या ट्रान्समीटरचाच भाऊ. जुन्याचं मीटर नव्याला चालत नाही. तुमचं इंजिन वापरलेलं आहे, मधे कुणी सेंडर बदललाय का माहीत नाही. वायरी मोजा. जुना असेल तर इंजिनापासून पॅनेलपर्यंत जाड अर्थ वायर ओढा, नाहीतर लँडिंग लाइट लावली की तेलाचा दाब हलेल. आमच्याकडे मोटर चालू केली की टाकीची लेव्हल वाढायची, तीन दिवस सगळे व्हॉल्व्ह तपासत होते.

एक्झॉस्टच्या तापमानाला के टाइप थर्मोकपल असतं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर. त्याची वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची जोडायची नाही, के टाइपचीच जोडायची. नाहीतर सांधा इंजिनाच्या गरम बाजूला आला की रीडिंग चुकलं. आणि अमेरिकन रंगाच्या वायरीत लाल म्हणजे मायनस! पिवळी प्लस. आपला हात लाल वायर घेऊन प्लसकडेच जातो. माझाही गेला होता. भट्टी तापतेय आणि काटा खाली येतोय, साहेब मागे उभे.

पेट्रोलच्या टाकीत कपॅसिटन्सचा प्रोब (इंधनाच्या विद्युत गुणावरून पातळी ओळखणारा) टाकणार असाल तर थांबा. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आमच्याच डिस्टिलरीचं म्हणा ना. इथेनॉलचा डायलेक्ट्रिक, म्हणजे तोच गुण, पेट्रोलच्या दहापटीहून जास्त. साध्या पेट्रोलवर सेट केलेला प्रोब मिश्रणात जास्त इंधन दाखवतो. टाकी संपत आली तरी हा सांगणार 'आहे थोडं'. शिवाय रोटॅक्सवाले १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतात, तेव्हा काय भरणार ते आधी ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर पंखाच्या मुळाशी पारदर्शक नळी लावली असती, पातळी डोळ्याने दिसली पाहिजे. नळी इथेनॉलला टिकणारी घ्या, साधी पिवळी पडून कडक होते.

गाळा_नं_१२

आठ दिवस कुठं गेलो असं वाटलं असेल. फळीवर नळी ठोकत होतो.

पहिल्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. काटा ७० नॉटच्या पुढे गेला तरी पाणी ३९ मिमीच. जवळपास ९० किलोमीटरचं पाणी, आणि मीटर सांगतंय १३०. म्हटलं मीटर गेलं, सामानवाल्याला फोन करून चार शब्द ऐकवतो. नंबर लावलापण. मग फिटर साहेबांचं लिहिलेलं परत वाचलं: 'दोन पातळ्यांमध्ये'. मी एकाच बाजूचं पाणी किती चढलं ते मोजत होतो. दुसरी बाजू तेवढीच खाली गेली होती. ३९ चे ७८ झाले आणि मीटर एकदम सज्जन ठरलं. फोन उचलायच्या आत कट केला.

मग काटा धरून ठेवला. अर्ध्या मिनिटात पाच-सहा नॉट घसरला. टी, मीटरचं तोंड, सिरिंज, सगळं साबणाच्या पाण्याने पुसलं, एक बुडबुडा नाही. शेवटी सापडलं: प्लॅस्टिकची नळी मी पक्कडीने तोडली होती, टोक तिरकं होतं, टीवर एका बाजूने नीट बसलंच नव्हतं. ब्लेडने सरळ कापली. आता सिरिंज धरून चहा पिऊन झाला तरी काटा जागेवर.

१७ मिमी बघितल्यावर मात्र पोटात गोळा आला. ६० किलोमीटरचं विमान आणि एवढंसं पाणी! करंगळीच्या नखाएवढं. मीटर घरातच असल्याने ४० नॉटच्या खाली काटा काय करतो तेही बघितलं. काही करत नाही. खुंटीला टेकून बसतो. विकायला काढलंय, १२० नॉटचं शोधतोय.

सेंडर दोन वायरचा निघाला, बॉयलरवाले दादा. नवा आहे. म्हणजे आधीच्या मालकाने बदललाय, आणि त्याने दिलेलं तेलाच्या दाबाचं मीटर जुन्याचं आहे. ते लावलं असतं तर काय वाचत बसलो असतो देव जाणे.

आता क्षितिजाचं सांगा.

निवृत्त_फिटर

पंप नाही, म्हणजे बाहेर व्हेंच्युरी, वाऱ्याच्या जोरावर हवा ओढणारी नळी, लावावी लागणार. तुमच्या वेगात तिला पुरेशी ओढ मिळणं अवघड, आणि वाऱ्याला अडथळा वेगळा. ओढ कमी पडली की जायरो अर्ध्या ताकदीने फिरतो आणि क्षितिज कलतं. चुकीचं क्षितिज हे नसलेल्या क्षितिजापेक्षा वाईट. तुम्ही ढगात जाणार नाही म्हणता, खरं क्षितिज समोर आहेच. स्क्रीन घेतलीत तर तिच्यावर येईलच एक. हे घरी ठेवा.

अल्टीमीटर मात्र चांगला असेल तर वापरा. जवळच्या विमानतळाचा त्या दिवसाचा क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब) मीटरवरच्या छोट्या खिडकीत लावा, गाळ्याची उंची दाखवली पाहिजे. सांगलीच्या उंचीवर काटा शून्यावर आणायच्या नादी लागू नका, खिडकीतले आकडे तिथवर जातातच असं नाही. काचेवर हलकी टिचकी मारा. टिचकीला काटा थोडा हलतो ते ठीक, ५० फुटांची उडी मारली तर आत मळ आहे. होकायंत्र?

गाळा_नं_१२

होकायंत्र विंडशील्डच्या मधोमध, वरच्या नळीला. ती नळी लोखंडी आहे हे लिहिताना लक्षात आलं.

निवृत्त_फिटर

बरं झालं लिहिलंत. पितळी स्क्रू, अॅल्युमिनियमची पट्टी, लोखंडापासून जमेल तितकं लांब. मग विमान मोकळ्या जागी नेऊन ३०-३० अंशांवर फिरवायचं, प्रत्येक ठिकाणी किती चुकतंय ते लिहायचं. एकदा सगळं बंद, एकदा इंजिन, रेडिओ, दिवे चालू. हेडसेट डोक्यावरच ठेवा, त्याच्यात चुंबक असतात. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही, तेवढं नशीब. ज्या चुका दुरुस्त होणार नाहीत त्यांचं कार्ड करून शेजारी लावा.

आणि कोणती यंत्रं सक्तीची हे आमच्यावर जाऊ नका, डीजीसीएकडून (सरकारच्या विमान वाहतूक खात्याकडून) लेखी घ्या. रेडिओला परवाना वेगळा लागतो, तो अर्ज आत्ताच टाका.

गाळा_नं_१२

अर्ज टाकला. आज पुठ्ठ्याचं पॅनेल कापून शेडमध्ये बसवलं आणि सीटवर बसून एक तास नुसता बघत होतो. डावीकडे वेग, त्याच्या शेजारी अल्टीमीटर, दोन्हीच्या मधे खाली बॉल. उजवीकडे स्क्रीनची चौकट, इंजिनाचं सगळं तिथंच. पोरा, नोंदी बघायला तुला गाळ्यावर यावं लागेल, मला लॅपटॉप जमत नाही. स्टिक पुढे केली तर मूठ स्क्रीनच्या खालच्या कडेला लागत होती. ती चौकट बोटभर वर घेतली. हे कागदावर कधीच कळलं नसतं.

क्षितिज टीव्हीच्या कपाटात ठेवलं. बायकोने खाली क्रोशाचा रुमाल घातला.

एक शेवटचं. मीटरचं भोक ३ पूर्णांक १ अष्टमांश इंच, म्हणजे ७९.४ मिमी. होल सॉ ८० चा घेऊ की ७९ चा?

बॉयलरवाला

७९ आणि कानस.

गाळा_नं_१२

८० चाच मिळाला होता, परत करतो. उद्या मिरजेत बघतो.